व्यायाम सात ते आठ, पाइप वाजवू नये

८ जानेवारी

काल इवानचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण. इवान माझा धाकटा दीर. दरवर्षीसारखी घर भरून माणसं, डुकराचं मटण, कोबीच्या पानातल्या सारम्या आणि राकिया दारूच्या बाटल्या. जेवणं रंगात आली आणि नवऱ्याने, रांगेलने, सगळ्यांदेखत माझ्या कमरेची वळी चिमटीत धरली. म्हणाला, "शिवणकारखाना बंद पडल्यापासून बायकोने घरीच गाद्यांचं दुकान काढलंय." लोक हसले, मीही हसले. पण माझं तोंड गप्प बसेल तर ना! म्हटलं, "माझं दुकान वाढतंय तरी. तुझ्या डोक्यावरचं पीक बघ, दर महिन्याला कमीच." लोक दुप्पट हसले. रांगेलही हसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

घरी आल्यावर त्याने मला कोटसुद्धा काढू दिला नाही. दारातच पहिली थप्पड कानावर बसली. दुसरी चुकवायला गेले तर कपाटाच्या कोपऱ्यावर आपटले. "चारचौघांत माझी लाज काढतेस? स्वतःकडे बघ आधी, म्हशी." नंतर त्यानेच बर्फ आणून दिला. कान अजून गुणगुणतोय.

हात त्याचा, हे खरं. पण जीभ माझी आणि वजनही माझंच. म्हणून ठरवलंय, व्यायाम करायचा. जिममध्ये तो जाऊ देणार नाही, तिथे पुरुष असतात. घरीच टीव्हीवर व्हिडिओ लावून करायचा. मी बारीक झाले की त्याला माझी लाज वाटणार नाही, आणि लाज वाटली नाही की हात उचलायला कारणच उरणार नाही.

१२ जानेवारी

तीन दिवस नुसते व्हिडिओ बघतेय. व्यायाम शून्य, डोळ्यांचा तेवढा झाला. केवढी ती माणसं! एक अमेरिकन पोरगी उड्या मारता मारता हसते. दात असे की काळा चष्मा लावून बघावेत. तिचं नाव मी चकाकी ठेवलंय. एक रशियन बाई भिंतीवरच्या गालिच्यापुढे वाकते आणि मधून तिचं मांजर जातं. त्या दोघींत मांजर जास्त लवचिक आहे. आणखी एक आहे, ती गादीवर पडून नुसता श्वास घ्यायला लावते. "डोळे मिटा. खांदे सैल सोडा. आता तुम्हाला कुठेही जायचं नाही." ती फुंकरबाई. तिच्याबरोबर करायला घेतलं आणि सोफ्यावर घोरायला लागले.

आज चकाकी लावली. हातपाय फाकवून चार उड्या मारल्या नाहीत तोच खालून रेडिएटरच्या पाइपावर टण् टण् टण्! आमच्या इमारतीचा हाच टेलिफोन. एकच पाइप तळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांच्या घरातून जातो. कोणी एकाने त्यावर डाव हाणला की आठही मजल्यांचे दात वाजतात. आमच्या खाली, चौथ्या मजल्यावर पेन्कामावशी राहते. नवरा गेला, खुबा बदलला, एकटीच असते.

मी बाल्कनीत जाऊन ओरडले, "मावशी, इमारत अजून पडली नाहीये!"

"पडेल तेव्हा माझ्याच डोक्यावर पडेल, रुम्याना! झुंबर हलतंय माझं!"

"मग काढून ठेवा झुंबर!"

"तू काढून ठेव तुझं बूड!"

मला इतकं हसू फुटलं की पुढच्या उड्या राहूनच गेल्या.

१५ जानेवारी

मावशीसाठी म्हणून बिनउड्यांचा व्हिडिओ शोधला होता. भिंतीला टेकून बसायचं, हळूच हात वर. मी तो करत होते तेवढ्यात रांगेल बंदरावरून आला. तिथे तो मुकादम आहे. दिवसभर हमालांवर ओरडून आलेला असतो, त्यामुळे घरी येईपर्यंत घसा तापलेलाच.

"हा व्यायाम आहे का प्रेतयात्रा?" असं म्हणून त्याने रिमोट घेतला आणि स्वतः शोधायला बसला. बराच वेळ. एक लावायचा, आवाज वाढवून बघायचा, दुसरा लावायचा. माझ्यासाठी काहीतरी इतकं मन लावून करताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. शेवटी त्याला एक सापडला. प्लोवदिवचा निवृत्त फौजी, गळ्यात शिट्टी, मागे बँड वाजतोय. "पड! ऊठ! पड! ऊठ! काय मेलात का?" मी म्हटलं, "अरे हा तर तुझाच भाऊ." चांगल्या मनःस्थितीत होता, हसला.

मग लोणच्याची वाटी आणि बियर घेऊन समोर बसला. मी बैठक मारली की म्हणे अजून खाली. अजून खाली. मग उठून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि दाबत गेला, दाबत गेला, गुडघ्यातून कट् आवाज आला आणि मी तोंडावर पडले. पाठीवर बूट ठेवला. "ऊठ म्हटलं की उठायचं." टीव्हीतला शिट्टीवालाही तेच म्हणत होता, त्यामुळे मला क्षणभर कळेना की आपल्याला कोण बोलतंय. खालून पाइप वाजत होता. मला उठता येईना.

बायकोच्या व्यायामात नवरा एवढं लक्ष घालतो, असं किती जणींच्या नशिबात असतं, असं मी झोपताना स्वतःला सांगत होते. पाठीवर बुटाचा तळ उमटलाय. पालथंच झोपावं लागलं.

२१ जानेवारी

रांगेलने टीव्हीला मोठा स्पीकर आणलाय. म्हणे बँड नीट ऐकू आला पाहिजे, नाहीतर अंगात जोर येत नाही. शिट्टी वाजली की फ्रीजवरची बरणी थरथरते. मावशीने दोन दिवस पाइप बडवला आणि मग इमारतीच्या व्यवस्थापकाकडे, गान्चोकाकांकडे तक्रार केली. काका आले, टोपी हातात. मी तोंड उघडायच्या आत रांगेलने त्यांना खांद्याला धरून स्वयंपाकघरात नेलं, राकिया ओतली. मला तर वाटलं आता भांडणच. छे! इतका गोड बोलत होता. "काका, बायको तब्येतीसाठी एवढं करतेय. तुम्हीच एक वेळ ठरवून द्या. आम्ही त्या वेळेबाहेर टाचसुद्धा आपटणार नाही."

आज प्रवेशदारावर काकांच्या अक्षरात कागद लागला. "फ्लॅट ३४. व्यायाम सायंकाळी सात ते आठ. या वेळेत पाइप वाजवू नये." खाली शिक्का. सगळी इमारत वाचून हसतेय. तिसऱ्या मजल्यावरची स्वेतला म्हणाली, "काय गं, तू आता सरकारी झालीस." मी म्हटलं, "हो, पुढच्या आठवड्यात तिकीट लावणार आहे."

माझ्यासाठी रांगेलने कोणाशी गोड बोलावं, हे मला बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

काल वाईट दिवस होता. बंदरावर साखळी तुटली, वरच्या साहेबाने सगळ्यांसमोर त्याला झापलं. हे मला इवानच्या बायकोने फोनवर सांगितलं. आल्या आल्या जेवायला बसला. चमचा खाली ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझा शिट्टीवाला लाव."

लावला. त्याने आवाज वाढवला. मी मधोमध उभी राहिले, हात वर केले आणि त्याने पोटात ठोसा मारला.

किती वेळ चाललं कळलं नाही. केसाला धरून उभं करायचा आणि पाडायचा. बँड वाजत होता. मी ओरडत नाही, कधीच नाही, ओठ चावते. टीव्हीत सगळे रांगेत उड्या मारत होते. व्हिडिओ बंद करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. संपला तेव्हा तोही दमून बसला आणि म्हणाला, "माझा दिवस कसा गेला हे तू विचारलंसुद्धा नाहीस." खरंच विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तरी काय झालं असतं, कोण जाणे.

श्वास घेतला की डाव्या बरगडीत सुई टोचते. अशा दिवशी व्हिडिओ बदलावा का? शिट्टीवाल्याने त्याचं डोकं जास्त तापतं असं मला वाटायला लागलंय.

११ फेब्रुवारी

लिफ्टमध्ये गान्चोकाका आणि स्वेतला. स्वेतलाने माझा डोळा पाहिला. "अगं बाई, हे काय?" म्हटलं, "तो रबरी पट्टा असतो ना ताणायचा, सटकला आणि फाट्‌कन लागला." काका म्हणाले, "काय दम आहे हो तुमच्यात. खालपर्यंत धडधड ऐकू येते. माझी सून तर दोन जिने चढली की बसते." स्वेतलाने व्हिडिओचं नाव विचारलं, तिलाही सुरू करायचाय म्हणे. मी सांगितलं. वर म्हटलं, "पण पट्टा जपून गं, डोळे दोनच दिलेत." लिफ्टभर हसणं.

घरात आल्यावर दाराला पाठ लावून बसून राहिले. हसवायची हौस भारी मला. कोणी विचारलं की माझं उत्तर तयारच असतं.

१५ फेब्रुवारी

काल संत ट्रिफोनचा दिवस. पुरुष मंडळी द्राक्षाच्या वेली छाटायला गावी गेली, म्हणजे सकाळी दोन फांद्या कापायच्या आणि उरलेला दिवस वाइन ढोसायची. रांगेल अंधार पडताना परत आला, हातात छाटणीची कात्री तशीच. मी त्याला वाढलं. तो माझ्या वेणीकडे बघत होता.

"इतके केस कोणासाठी वाढवतेस?"

मी म्हटलं, "उशी महाग झालीये." काय बुद्धी माझी! निघून गेलं तोंडातून.

सात वाजले होते. त्याने स्वतःच शिट्टीवाला लावला. मला खाली पाडून मानेवर गुडघा दिला आणि त्या कात्रीने वेणी कापायला लागला. वेलीची कात्री ती, केस कापले जात नाहीत तिने, तुटतात. कानाची पाळीही मध्ये आली. रक्त गालावरून तोंडात. शिट्टीवाला शेवटाला आला होता, बँड थांबला होता. माझं कपाळ जमिनीवर आपटत होतं, धप्, धप्, आणि खालून पाइप सुरू झाला. नुसता टण् टण् नाही, घणासारखा. रांगेलने कात्रीच पाइपावर हाणली आणि ओरडला, "आठ वाजले नाहीत अजून, म्हातारे! कागद वाच!"

मला म्हातारीचा इतका राग आला. तिच्यामुळे तो आणखी पिसाळला. दोन ठिकाणी टक्कल पडलंय. रुमाल बांधून बसलेय. सकाळपासून रडू थांबत नाहीये आणि त्याला मी थांबवतही नाहीये.

२ मार्च

काल मार्टाआजीचा दिवस, सगळे एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात, वर्ष सुखाचं जावं म्हणून. जिन्यात पेन्कामावशीने मला अडवलं. काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "हात दे." मी म्हटलं, "मावशी, आपलं भांडण आहे." "भांडण राहू दे, हात दे." बाही वर सारली तर मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा, जांभळे. तिने दोरा त्याच्यावरच बांधला. मग म्हणाली,

"मी रोज करते तुझ्याबरोबर."

"काय?"

"व्यायाम. खुर्चीत बसून. तुझा तो फौजी इतका बोंबलतो की टीव्ही कशाला हवा मला? तो म्हणाला हात वर की मी हात वर करते. पाय उचला, पाय उचलते. खुबा सुधारलाय माझा, डॉक्टरसुद्धा म्हणाला."

मला हसू यायला लागलं. तिला येत नव्हतं.

"शेवटी तो सगळ्यांना पाठीवर झोपवतो. हलू नका म्हणतो, श्वास घ्या. मीही डोळे मिटून बसते. तेव्हा तुझ्याकडे धडधड कसली होते, रुम्याना? सगळे झोपलेले असताना पडतं कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नाही. मग सुचलं ते हे, "लोकांच्या छताला कान लावून बसण्यापेक्षा देवळात जावं या वयात." आणि जिना चढून आले. मागून ती म्हणाली, "पाइप मी व्यायामासाठी वाजवत नाही गं पोरी. तो बंद व्हावा म्हणून वाजवते." तो म्हणजे कोण हे मी विचारलं नाही.

आता काय करू? ही बाई गावभर बोलेल. रांगेलच्या कानावर गेलं तर तो मला जिवंत ठेवणार नाही. तिलाही नाही.

५ मार्च

उपाय सापडला. व्हिडिओच बदलायचा! मावशीला जो कळणारच नाही असा. पूर्ण दिवस शोधत होते. चकाकी इंग्रजीत बोलते पण मोजते फार, आकडे कोणालाही कळतात. रशियन तर मावशीला शाळेत शिकवलीये. एक तुर्की पोट हलवणारी मिळाली, पण तिच्यात धडधड कमी. धडधड पाहिजे, नाहीतर बाकीची ऐकू येते.

हे वाक्य मी लिहिलं आणि मघापासून त्याच्याकडे बघत बसलेय.

शेवटी ब्राझीलचा एक सापडला. बोलणं नाहीच. नुसते ढोल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वीसेक बायका आणि ढोल. रांगेलला दाखवला. त्याने स्पीकर लावून ऐकला, मान डोलावली. "हा बरा आहे. हा शिट्टीवाल्यापेक्षा बरा आहे." माझी निवड त्याला आवडली.

९ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची दोन बोटं मोडलीत बहुतेक.

काल महिला दिन. सकाळी त्याने हायसिंथची फुलं आणली, दुपारी नदीकाठच्या हॉटेलात जेवायला नेलं. वेटर तरुण होता. मासा आणताना म्हणाला, "आजच्या दिवशी सुंदर बायकांना लिंबू फुकट." मी म्हटलं, "मग मला झाडच आणा." एवढंच. रांगेलने बिल दिलं, मला कोट घालून दिला, गाडीचं दार उघडलं. घरी आलो तेव्हा चार वाजले होते. तो पेपर वाचत बसला. तेच पान. मी कॉफी दिली, घेतली नाही. मला वाटलं, बिचारा राग गिळतोय, सणाचा दिवस आहे म्हणून. पाच वाजले, सहा वाजले. मी फुलं पाण्यात ठेवली. सात वाजता त्याने पेपरची घडी केली आणि म्हणाला, "लाव."

ढोल लावले.

सगळं लिहीत नाही. बोटं त्याने दाराच्या फटीत धरली आणि दार ओढलं. मग कमरेचा पट्टा, मग लाथा. मी सोफ्याखाली शिरायला बघत होते, पाय धरून ओढून काढलं. खालून पाइप वाजला असेलही, पण ढोलांत काय ऐकू येणार. आणि मग ढोलच संपले. आमचा टीव्ही एक संपला की आपोआप दुसरा लावतो. लागली फुंकरबाई.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "खांदे सैल सोडा."

पट्टा माझ्या पाठीवर पडला आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. सगळ्या खोलीत घुमला तो. रांगेलनेही ऐकला. त्याचा हात वर गेलेला होता, तो तिथेच राहिला. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, आणि हात वरच. तो मला मारत नव्हता. रिमोट शोधत होता. सोफ्यावर बघितलं, टेबलाखाली बघितलं, माझ्या अंगावरून पाय टाकून पलीकडे गेला, पेपर उचलून बघितला. रिमोट मिळाला, ढोल पुन्हा लागले, आणि मग हात खाली आला.

म्हणजे त्याला थांबता येतं.

मला वाटायचं, राग आला की त्याचं भान जातं. भान जात नाही. चार वाजता त्याला राग आला आणि सात वाजेपर्यंत तो थांबला. थांबून पेपर वाचला! मी मूर्ख, गाढव, बिनडोक बाई. बारीक व्हायला बसले होते.

११ मार्च

डॉक्टरकडे जाते म्हटलं तर आता बाहेरून कुलूप लावून जातो. फोन त्याच्या खिशात. बाल्कनीतून ओरडू शकते, पण रुम्याना ओरडतेय यात कोणाला काय नवल? रुम्याना ओरडतेच. आणि काय म्हणून ओरडू? डोळ्याला रबरी पट्टा लागला हे मीच सांगितलंय, रुमालाखाली नवीन फॅशन आहे हेही मीच. लोकांना माहीत असलेलं सगळं मीच पढवलेलं आहे.

सकाळपासून टीव्हीपुढे बसून एकेक व्हिडिओ बघतेय. चकाकी, शिट्टीवाला, ढोल, मांजर. आज संध्याकाळी यातला कोणता लावायचा? आणि आत्ता ठरलं. कोणताच नाही. सात वाजता घर गप्प असेल. त्याने मारायचं असेल तर गप्प घरात मारावं.

भीती वाटते. फार वाटते. कोणी आलं नाही तर आज तो मला संपवेल, हे मला माहीत आहे. पण ढोलांच्या आवाजात मरायचं नाही मला.

१३ मार्च

पेन्कामावशीकडे आहे. डोक्याला टाके, बोटांना पट्टी, पायाला भाजल्याचं मलम. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर नंतर मीच त्यात विनोद घालेन.

परवा सात वाजता तो म्हणाला, "लाव."

मी म्हटलं, "नाही."

"रिमोट कुठाय?"

"सुपात."

खरंच तिथेच होता, बीन्सच्या सुपात, तासाभरापासून शिजत. त्याने झाकण उचलून बघितलं. स्पीकरची वायर मी कापून ठेवली होती, त्याच्याच त्या छाटणीच्या कात्रीने. तो काही वेळ उभाच राहिला. मला वाटलं, जिंकले, आता नाही मारणार. तेवढ्यात त्याने भांडं उचलून माझ्यावर उलटं केलं.

मग मी ओरडले. ओठ नाही चावला. "मारतोय! रांगेल मला मारतोय! हा व्यायाम नाहीये!" त्याने तोंडावर हात दाबला, मी चावले, हाडापर्यंत चावले. त्याने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून रेडिएटरवर आपटलं. तो टण् आवाज वर गेला आणि खाली गेला. पुन्हा आपटलं. डोळ्यांत रक्त आलं. तिसऱ्यांदा त्याने डोकं मागे घेतलं आणि खालून उत्तर आलं. टण् टण् टण्. थांबेचना. मग वरूनही एक सुरू झाला.

दाराची बेल वाजली. रांगेलने मला सोडलं. आरशात बघून केस सारखे केले, शर्ट खोचला आणि दार उघडलं. बाहेर गान्चोकाका, स्वेतला आणि मागे काठीवर वाकून धापा टाकणारी पेन्कामावशी.

"काय हो काका," रांगेल हसत म्हणाला, "सात वाजून गेलेत ना? बायकोचा व्यायाम चाललाय. विचारा तिलाच."

इतकी खात्री होती त्याला माझी. काकांनी घड्याळ बघितलं. खरंच बघितलं. मग दारातून आत डोकावून मला म्हणाले, "रुम्याना, व्यायामच ना गं?"

मी जमिनीवर बसले होते, अंगावर बीन्स, तोंडात त्याचं रक्त. जिभेवर आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं, "नाही काका, स्वयंपाक." ते आलं असतं तर सगळे हसले असते, दार लागलं असतं, आणि मी आज हे लिहीत नसते. मी ते गिळलं.

"नाही काका. हा मारतो मला. आधीही मारायचा. तुम्ही वेळ ठरवून दिलीत तेव्हापासून वेळेवर मारतो."

काकांच्या हातातली टोपी खाली पडली. रांगेल वळला आणि त्या सगळ्यांदेखत माझ्या अंगावर धावला. या वेळी मात्र तो थांबला नाही. काका मध्ये आले तर त्यांचा चष्मा फोडला. मावशीने काठी त्याच्या नडगीवर हाणली, तो पडला, आणि पडल्यावरही ती हाणत राहिली. "ऊठ!" म्हणत होती, "आता ऊठ ना, ऊठ!" स्वेतलाने पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत काका त्याच्या पाठीवर बसून होते आणि रडत होते.

आज दुपारी स्वेतला चीज भरलेली बानित्सा घेऊन आली. गरम, वर दही. मावशीने चहा केला. स्वेतलाचे डोळे सुजलेले. माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "आम्हाला काही कळलंच नाही गं. देवाशप्पथ सांगते, कोणालाच काही ऐकू आलं नाही."

वर आमच्या घरात इवान आला होता, भावाचे कपडे घ्यायला. तो मोजे घालूनच फिरत असणार, हळू चालायचा स्वभाव आहे त्याचा. तरी त्याचं पाऊल न् पाऊल खाली ऐकू येत होतं. बेडरूममधून बाहेर आला. कपाट उघडलं. खालचा खण ओढला. मग त्याच्या हातून एक बूट पडला.

आम्ही तिघींनी वर छताकडे बघितलं. स्वेतलाने मान खाली घातली.